दुष्काळाच्या वाटेवर पुन्हा

1896मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाई पुण्यात मुलींसाठी शारदासदन ही संस्था चालवत होत्या. असलेल्या मुलींचा खर्च भागवतानाच ओढाताण होत होती. तरी त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या तीनशेच्या आसपास मुली व बायका घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवता येईना. मग केडगावला आधीच घेऊन ठेवलेल्या शेतावर तंबू ठोकले गेले. मुक्तिसदन उभे राहिले ते असे.

दुष्काळ रमाबाईंच्या ओळखीचाच होता. 1870च्या दशकात तीर्थयात्रा आणि पुराणकथनावर जगणारे त्यांचे कुटुंब दक्षिणेत अन्नान्न दशेला लागले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण, काही महिन्यांत तिघेही गेले. व्रते, दाने, उपास, सगळे करून झाले होते. उरलेल्या भावाबरोबर ही मुलगी हजारो मैल पायी हिंडली. 1880मध्ये भाऊ गेला आणि 1882मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी तिच्याजवळ उरली होती एक तान्ही मुलगी आणि तोंडपाठ संस्कृत.

इतके सोसलेल्या बाईने ख्रिस्ताकडे धाव घेतली ती दिलाशासाठी, असे समजणे सोपे आहे. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये वाँटेजला 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. चर्चच्या अधिकारापुढे निमूटपणे मान तुकवणे त्यांना जमेना. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आहार शाकाहारीच राहिला. डॉक्टर होण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या होत्या, पण बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. तेही त्यांनी तिथेच पचवले.

त्यांना कोणत्याही सिद्धान्तापेक्षा जवळची वाटली ती बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट. समाजाने वाळीत टाकलेल्या बाईशी येशू थांबून बोलतो. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या भगिनी लंडनमध्ये चालवत असलेले काम रमाबाईंनी पाहिले आणि या गोष्टीचा अर्थ त्यांना तिथे दिसला. त्यांच्या श्रद्धेचे खरे बळ इथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आई का गेली, याचे उत्तर त्या गोष्टीत नव्हते. वाटेवर पडलेल्या बाईपाशी थांबायचे, एवढे मात्र तीत होते. दुःखाचा खुलासा करणारी श्रद्धा पुढच्या दुष्काळात पुन्हा खुलासाच करते. रमाबाई त्या दुष्काळात गाडीत बसून निघाल्या.

यावरचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. 1893मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी शारदासदनातून मुली काढून नेल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. केडगावचे वातावरण तर उघड ख्रिस्ती होते. रमाबाईंना स्वतःचा धर्म वाद घालून निवडता आला. उपाशीपोटी आश्रयाला आलेल्या मुलीला ती मोकळीक कितपत होती? हा प्रश्न त्यांच्या कार्याचा आदर करणाऱ्यानेही विचारला पाहिजे. त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की तिथे मुली अक्षरे शिकल्या, विणकाम आणि शेती शिकल्या, छापखाना चालवू लागल्या.

अखेरची कितीतरी वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले. पूर्वीची भाषांतरे संस्कृतप्रचुर होती. ज्या पंडितेला कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हटले होते, तीच आता खेड्यातल्या बाईला कळेल असा साधा शब्द शोधत बसली. जुलै 1921मध्ये मनोरमा, ती एकुलती एक मुलगी, गेली. रमाबाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट. भाषांतराचे काम थांबले नाही. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, आणि ग्रंथ पुढे केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.