कंठातील कंप

गळा दाटला की स्वर हलतो. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिलेला अर्जुन थरथरत, सद्गदित वाणीने बोलतो. शरीराचा कंप आणि वाणीचा कंप ही तेथे एकाच भयाची लक्षणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानदेवांनी ज्या गीतेवर मराठीत भाष्य केले, तीतला हा प्रसंग कीर्तनकार निरूपणाला घेतो तेव्हा त्याचाही आवाज कापतो. पण तो कालही याच जागी कापला होता आणि उद्याही कापणार आहे. मग तो कंप खोटा म्हणायचा काय?

भरताने वेपथू आणि स्वरभेद सात्त्विक भावांत घातले. मन एकाग्र झाल्यावाचून ते साधत नाहीत असे मानले, आणि तरीही ते नटाच्या अभिनयाचाच भाग धरले. ही अडचण त्याने मिटवली नाही, हे बरेच झाले.

संगीतशास्त्र वेगळ्या वाटेने गेले. ज्ञानदेवांच्या सुमारे अर्धशतक आधी, यादवांच्याच देवगिरीत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गमकाचे पंधरा प्रकार सांगितले. कंपित आणि आंदोलित यांतील भेद त्याने वेगावरून केला, भावनेवरून नव्हे. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार गायकाच्या मनःस्थितीची वाट पाहत नाही. तो तसा लागला नाही तर दरबारीच उरत नाही. नखांच्या मुळाशी तार दाबून सारंगिया तोच गंधार काढतो, तेव्हा तर दाटायला गळाच नसतो.

युरोपीय व्हायोलिनवरचा व्हायब्राटो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत राहिला. 1751 मध्ये जेमिनियानीने तो शक्य तितक्या वेळा वापरावा असे सुचवले. पाचच वर्षांनी लिओपोल्ड मोझार्टने (विख्यात संगीतकाराचे वडील) प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्या वादकांना ज्वर चढलेल्या रोग्यांत बसवले. विसाव्या शतकात सरशी जेमिनियानीची झाली. सीशोर यांनी आयोवात गायकांचा कंप मोजला तेव्हा तो सेकंदाला सहा-सात आवर्तने भरला. इतक्या नियमाने हलणारा स्वर श्रोत्याला हलताना जाणवतच नाही, केवळ भरदार वाटतो. भावाचे चिन्ह होते, त्याचा नुसता पोत झाला.

लिओपोल्डची तक्रार वरवर अभिरुचीची आहे. तिच्या तळाशी मात्र नैतिक प्रश्न आहे. सदैव कापणाऱ्या आवाजावर खरोखर कापायची वेळ आली तर त्याने काय करावे? कीर्तनकाराचा कंप ठरलेला असूनही खोटा ठरत नाही, कारण त्याआधीचे निरूपण सरळ, बोलक्या सुरात झालेले असते. ध्वनिवर्धकासमोर नमनापासूनच गहिवरणारा कीर्तनकारही खोटे बोलत नसतो. पण विश्वरूपाशी पोहोचल्यावर अर्जुनासाठी त्याच्याजवळ वेगळा आवाज शिल्लक नसतो.