अंथरुणातले शौच

‘शुचि’ म्हणजे निर्मळ, या विशेषणापासून झालेल्या ‘शौच’ या शब्दाचा धर्मग्रंथांतील अर्थ शुद्धता असा आहे, तर व्यवहारात ‘शौचाला जाणे’ म्हणजे मलविसर्जन. आणि पक्षाघाताने किंवा मांडीचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोठे जाताच येत नसल्यामुळे त्याच्यापाशी हे दोन अर्थ एकमेकांशी भांडू लागतात. पतंजलींच्या योगसूत्रांत शौच हा पाच नियमांपैकी पहिला असून, स्वतःच्या शरीराची किळस आणि इतरांच्या संसर्गाविषयी विरक्ती हे त्याचे फळ सांगितले आहे. साधकाला ते उपकारक असेलही; परंतु ज्याला देहाची किळस आजारानेच शिकवली आणि ज्याचे दुसऱ्याच्या हातावाचून क्षणभरही चालत नाही, त्याच्या पदरी अशा शुद्धतेने काय पडावे?

देहाच्या या किळसेविषयी समर्थ रामदासही (जन्म 1608) बोलतात; त्यांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधातील तिसरा दशक जन्मदुःखाच्या निरूपणाने सुरू होतो आणि तेथे गर्भवास मलमूत्राच्या सान्निध्यातला म्हणून वर्णिला आहे. हेतू अर्थातच वैराग्याचा. पण सर्वांचाच देह मुळात असा आहे हे एकदा मान्य केले, की रुग्णाची घाण हा एकट्या रुग्णाचा दोष उरत नाही.

अंथरुणाला खिळलेल्याची शुद्धी कशी करावी, या पेचावर धर्मशास्त्राने काढलेला मार्ग विलक्षण आहे. पाराशरस्मृतीत ‘आतुरस्नान’, म्हणजे आजाऱ्यासाठीचे स्नान, असे सांगितले आहे की निरोगी माणसाने दहा वेळा स्नान करून दर वेळी रुग्णाला स्पर्श करावा, म्हणजे रुग्ण शुद्ध होतो. ज्या परंपरेत स्पर्शाने विटाळ पसरतो, आणि त्या समजुतीपायी असंख्य माणसांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, तिनेच येथे स्पर्शाने शुद्धी पसरते असे मानले! चरकसंहितेत तर उपचारांचे ज्ञान, दक्षता आणि रुग्णाविषयीचा जिव्हाळा यांच्या जोडीने शौच हा परिचारकाचा गुण म्हणून येतो. म्हणजे जो घाणीत हात घालणार त्याच्याकडूनच शुचितेची अपेक्षा आहे.

रामदासांच्या जालना जिल्ह्यातीलच भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, ज्याचे नाव सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत आढळते. त्या दात्यांच्या बौद्ध धर्माच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्षूची कथा आहे: बुद्धांनी पाणी ओतले, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचावर निजवले. तेथे शुद्धीचा विधी नाही, केवळ पाणी आणि दोन माणसांचे हात आहेत.

साधने आज बदलली आहेत, मात्र हात सुटलेले नाहीत. बेडपॅन द्यायचा तर रुग्णाला कुशीवर वळवावे लागते; डायपर वेळेवर न बदलल्यास ओल्या त्वचेवर शय्याव्रण, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, लवकर होतात; जुन्या लुगड्याच्या घड्या स्वस्त पडतात, पण धुण्याला पाणी लागते, आणि 2012–13 च्या दुष्काळात होरपळलेल्या जालना जिल्ह्यात ते गृहीत धरता येत नाही. पाराशरस्मृतीतील तो निरोगी माणूस कोण, हे स्मृती सांगत नाही. घरोघरी तो बहुधा सून किंवा लेक असतो. आणि तिला रात्री उठवावे लागू नये म्हणून कित्येक म्हातारी माणसे दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत.