भार कोणी किती वाहायचा

कामाची सारखी वाटणी केली म्हणजे न्याय झाला असे नाही, हे मला आधी तारापूरने शिकवले, मग नोकरीने. गीतेतली समता त्यानंतर कुठे उलगडू लागली.

आमचे पाम गाव बोईसर आणि समुद्र यांच्या मधले. वडील तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात पाळीवर जायचे. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र, १९६९ मध्ये सुरू झालेले. लहानपणी मी त्यांना विचारायची की संध्याकाळी गावोगाव दिवे लागतात तेव्हा तुम्हाला जास्त काम पडत असेल ना? ते म्हणायचे, "आपली भट्टी एका चालीने चालते ग. संध्याकाळची ओढ कोयना झेलते." विजेचा मोठा साठा सहजासहजी करून ठेवता येत नाही. जितकी लागेल तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर पन्नास हर्ट्झची वारंवारता ढळते. पाण्यावरचे जनित्र काही मिनिटांत जोर धरते, अणुभट्टीला असे हेलकावे मानवत नाहीत. दोघांना सारखा भार द्यायचा हट्ट कोणी धरला, तर तो समतेचा नसून आंधळेपणाचा होईल.

आता मी नवी मुंबईत सर्व्हर सांभाळते. त्यात प्रवेश अर्जांची एक वेबसाइट आहे. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि पुढच्या काही मिनिटांत सगळा महाराष्ट्र एकाच दारात उभा राहतो. त्या दारातला लोड बॅलन्सर आलेली प्रत्येक विनंती मागच्या कुठल्यातरी सर्व्हरकडे धाडतो. आमचा जुना बॅलन्सर पाळीपाळीने वाटायचा: पहिली याला, दुसरी त्याला, तिसरी पुढच्याला. दिसायला याहून निःपक्षपाती काही नाही. पण एका विनंतीत फक्त पान उघडायचे असते, तर दुसरीत पाच कागदपत्रे चढवायची असतात. एक सर्व्हर नवा असतो, एक थकलेला. मोजणी बरोबर येते आणि तरी एकजण बुडतो.

म्हणून पुढची रीत आली, ज्याच्या हातात कमी काम त्याला द्यायचे. इथे मला फार विचार करायला लावणारी गोष्ट घडते. बिघडलेला सर्व्हर प्रत्येक विनंतीला क्षणात "जमत नाही" म्हणून मोकळा होतो. हात सदा रिकामे, म्हणून बॅलन्सर त्याच्याकडेच माणसे पाठवत राहतो. रिकामा दिसणे आणि समर्थ असणे यांत एवढे अंतर आहे. ते ओळखायचे तर "आहेस का?" एवढे विचारून भागत नाही. खरे काम सांगून बघावे लागते, म्हणजे डेटाबेसमधून एखादी नोंद काढून आण, किती वेळ लागला ते पाहू.

प्रत्येकाची अशी विचारपूस करायला सर्वज्ञ असावे लागेल, असे वाटते. तसे नाही. मायकेल मित्झेनमाकर यांनी १९९६ साली बर्कलीच्या प्रबंधात दाखवले की चिठ्ठी टाकून कुठलेही दोन सर्व्हर निवडा आणि त्यांतल्या कमी ओझे असलेल्याला काम द्या. निव्वळ चिठ्ठी टाकण्यापेक्षा एवढ्यानेच सर्वांत जास्त दबलेल्याचे ओझे विलक्षण कमी होते. मला यात मोठा दिलासा वाटतो. न्यायासाठी विश्वरूप दिसायची गरज नाही. दोघांना विचारण्याइतकी आस्था असली तरी बरेच साधते.

गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणसाला विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्यात एकच तत्त्व दिसते. त्या दृष्टीवर माझी श्रद्धा आहे. पण हत्तीचे ओझे कुत्र्याच्या पाठीवर टाका, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. दृष्टी सम असावी, आणि ती सम असेल तरच प्रत्येकाची वेगळी पाठ दिसते.

आणि पाठ देवालाही असते, हे पंढरपूरने मान्य केले आहे. आषाढी वारीच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढतात, निद्रा थांबते, दर्शन चोवीस तास चालू राहते. उभ्या देवाच्या पाठीशी लोड ठेवतात. यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते, शीण जावा म्हणून गरम पाण्याने स्नान घालतात, काढा दाखवतात. तत्त्वज्ञ म्हणेल, परब्रह्माला कसला शीण? मला मात्र आपल्या धर्मातली ही सर्वांत शहाणी चाल वाटते. जो सगळ्यांचा भार घेतो त्याला थकवा येतो, असे ज्यांनी देवाबाबत मानले, त्यांना माणसाबाबत ते नाकारता येणार नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत सलग दुसरी पाळी करणारा कंत्राटी कामगार मी लहानपणापासून पाहते आहे. "तो करतो ना, मग त्यालाच द्या", हे त्याच्याबद्दलचे वाक्यही ऐकत आले आहे.

नव्या बॅलन्सरमध्ये म्हणूनच मी एका गोष्टीवर अडून बसले. प्रत्येक सर्व्हरला कमाल मर्यादा हवी, तो कितीही चपळ असो. दुरुस्तीसाठी काढायचा झाला तर त्याला नवे काम देणे थांबवायचे, हातातले पुरे होऊ द्यायचे, मग बाहेर घ्यायचे. मर्यादेपलीकडचे लोक थांबतील.

यावर बैठकीत जो आक्षेप आला तो खरा आहे. थांबणार कोण? जव्हारकडच्या पाड्यावर एका टेकाडावर जाऊन नेटवर्क पकडणारी मुलगी. तिची जोडणी तुटली की तिची जागाही गेली. यंत्राची पाठ वाचवून तिचा वेळ खर्च करायचा का? मी उत्तर दिले की सर्व्हर पडला तर ती आणि शहरातला मुलगा दोघेही बाहेर राहतील, पण तो पुन्हा आधी आत शिरेल. म्हणून रांग आल्या क्रमाने, कोणासाठीही वेगळी बारी नाही, आणि जोडणी तुटली तरी तिचा क्रमांक अर्धा तास तिच्या नावावर राखलेला. एवढ्या आठवणीसाठी जास्तीची मेमरी लागते, तिचा खर्च मी मंजुरीच्या कागदात पहिल्या ओळीत लिहिला आहे.