गाभाऱ्यातला काळोख आणि घरातला पडदा

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती, संध्याकाळी चाटच्या गाड्यांशी गर्दी जमते. त्याच बाजारात एखादं कुटुंब टीव्ही घ्यायला येतं. घरात काय जास्त बघितलं जातं, या प्रश्नावर क्रिकेट, मालिका, सिनेमा ही उत्तरं सगळ्याच गावांत मिळतात. उज्जैनमध्ये त्यांत महाकालाच्या आरतीची भर पडते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहाटे मंदिरात जाणं झेपत नाही, म्हणून मोठा, स्वच्छ दिसणारा पडदा हवा असतो. मग फुल एचडी की फोर-के, साधा एलईडी की ओएलईडी, ही चर्चा सुरू होते. पण या घरांपुढे एक जुना प्रश्नही असतो: पडद्यावर दिसलेल्या देवाला दर्शन म्हणायचं का?

आधी पडद्याचं पाहू. महाकालाची भस्मआरती पहाटे चारच्या सुमारास होते. गाभारा खोल, अरुंद आणि अंधारा. मधोमध पिंड, तिच्यावर उधळली जाणारी पांढरी राख, धूर आणि समयांच्या ज्योती. टीव्हीची परीक्षा घ्यायला याहून कठीण दृश्य शोधून सापडणार नाही, कारण इथे खरा कस लागतो तो काळ्या रंगाचा.

बाजारात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात, तो मुळात एलसीडीच असतो. फक्त त्याच्या मागे एलईडी दिवे असतात. पुढचा थर तो उजेड अडवतो, पण पुरता अडवू शकत नाही. म्हणून गाभाऱ्यातला अंधार काळा दिसण्याऐवजी राखाडी दिसतो आणि भस्माचा पांढरेपणा त्या राखाडीत विरतो. क्यूएलईडी हे भारी नावही याच जातीचं. त्यात रंग अधिक खुलतात, उजेड मात्र मागूनच येतो. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक असतात आणि भागाभागाने मंद करता येतात, त्यामुळे अंधार बराच सुधारतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. ज्योतीच्या शेजारचा अंधार तिथे खरोखर अंधार राहतो. पूर्वी हा गुण बऱ्याच अंशी प्लाझ्मा टीव्हीत होता, पण 2014च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं थांबवलं.

मग ओएलईडीच घ्यावा? इथे भक्ताची सवयच आड येते. थेट दर्शनाचा कॅमेरा बहुतेक वेळ एकाच जागी रोखलेला असतो. तीच चौकट, कोपऱ्यात तेच चिन्ह, तीच अक्षरं. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात. एकच चित्र रोज तासन्‌तास लावून ठेवलं, तर कालांतराने त्याची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते. ज्या घरात पहाटेपासून दुपारपर्यंत महाकाल लावून ठेवलेला असतो, तिथे हा महाग पडदा न घेतलेलाच बरा.

ठिपक्यांच्या आकड्यांनीही भुलू नये. फुल एचडीत 1920 गुणिले 1080, म्हणजे साधारण पावणेएकवीस लाख ठिपके; फोर-केमध्ये सुमारे 83 लाख. पण 43 इंची पडदा आठ फुटांवरून पाहिला, तर सामान्य नजरेला फुल एचडीचेही ठिपके सुटे दिसत नाहीत. शिवाय थेट प्रक्षेपण घरी येतं ते दाबून, आकुंचित करून. धूर आणि अंधार या दोन गोष्टी त्या दाबण्यात सर्वांत आधी बिघडतात आणि उत्तम पडदा तो बिघाडही उत्तम दाखवतो. दुकानात मात्र डोळे दिपवणारी, आधीपासून भरून ठेवलेली चित्रफीत चालू असते.

म्हणजे जास्त पैसे मोजून देव जास्त जवळ येतो, असं यंत्रशास्त्रही सांगत नाही.

आता धर्माचा प्रश्न. दर्शन म्हणजे नुसतं बघणं नव्हे; भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो, अशी श्रद्धा त्यामागे असते. महाकालाच्या पिंडीवर शृंगारात डोळे रेखले जातात, ते यासाठीच. पडद्याला ही परत येणारी नजर आहे का? मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, काचेत होत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. पण ज्या घरांत मातीची पार्थिव पिंड करून, आवाहन करून, पूजा झाल्यावर तिचं विसर्जन करतात, त्यांना देव तात्पुरत्या जागीही येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. 1894मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि तिथल्या तसबिरींतल्या लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. 1987मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा लोकांनी टीव्हीलाच हार घातले. आज तर मंदिरातही मागच्या मंडपात बसलेले भाविक पडद्याकडेच पाहत असतात. त्यांचं दर्शन खरं मानायचं आणि घरातल्या आजींचं खोटं, हे कुठल्या न्यायाने?

प्रथेतच एक कसोटी सापडते. भस्म चढवताना मंदिरातल्या स्त्रिया चेहऱ्यावर पदर ओढून घेतात. त्या वेळी देव निराकार रूपात असतो अशी धारणा आहे. घरी टीव्हीसमोर बसलेल्या बाईने त्या क्षणी पदर ओढला, तर तिच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. ती चित्र पाहत नाही, ती देवासमोर बसलेली आहे. हे ज्या वृत्तीने घडतं, ती वृत्ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती असेल तर जुनाट पडदाही पुरतो.

तरीही एका ठिकाणी सावध राहायला हवं. लांबून दर्शन चालतं, हे वाक्य मराठी माणसाने पूर्वी ऐकलेलं आहे. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, बाहेर आहे. त्यांच्या भक्तीत काही उणं नव्हतं, म्हणून त्यांना बाहेर ठेवणं योग्य ठरत नाही. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. उज्जैनमध्ये झिजणारी पिंड जपण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये तिला घासण्यास मनाई केली, ते रास्तच होतं. 2023च्या श्रावणापासून सामान्य भाविकांना गाभाऱ्यात प्रवेश बंद झाला, त्यामागे गर्दीचं कारण आहे. पण नियम झाला की तो सगळ्यांना सारखा हवा. सामान्यांना पडदा आणि मोठ्यांना गाभारा, अशी वाटणी कधीही झाली, तर तिला तंत्रज्ञानाची सोय म्हणता येणार नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी हे मंदिर पुन्हा उभं केलं, ते काही मोजक्यांसाठी नव्हतं.

जे जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पडद्यावरचं दर्शन हे दर्शनच आहे. जे जाऊ शकतात, त्यांनी जावं. रांगेतल्या अनोळखी माणसाचा खांद्याला लागणारा खांदा कुठलाही टीव्ही देऊ शकत नाही. आणि खरेदीला निघालेल्या घराने दुकानदाराला दोन गोष्टी सांगाव्यात: आसपासचे दिवे मालवा आणि तुमची चित्रफीत थांबवून महाकालाचं थेट दर्शन लावा. मग समोरून न बघता बाजूने, दिवाणावर आजी जिथे बसतात त्या कोनातून बघावं. पुष्कळ एलईडी पडदे बाजूने फिके पडतात. आयपीएस जातीचे कमी फिके पडतात, त्यांचा काळा रंग थोडा उणा असला तरी. शक्य असेल तर आजींनाच सोबत न्यावं आणि त्यांना जो पडदा डोळ्यांना सोसवेल तोच घ्यावा.