वास कोणाचा, दोष कोणाचा?

जूनमध्ये त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झाला की क्योतोच्या पश्चिमेकडच्या बांबूच्या बनांत एक चक्कर मारायचा आमचा नेम आहे. गेल्या वर्षी तिथे आधी नाकाला कळलं, डोळ्यांना नंतर. काहीतरी कुजल्याचा वास, आणि चार पावलांवर पांढऱ्याशुभ्र जाळीचा घेर ल्यालेली वीतभर उंच अळंबी! जपानी नाव किनुगासाताके, म्हणजे रेशमी छत्रीची अळंबी. उष्ण कटिबंधातली ही जात आपल्या भारतातही आढळते. पण आपण पावसातल्या असल्या साऱ्याच मंडळींना "कुत्र्याची छत्री" म्हणून मोकळे होतो.

अंड्यासारख्या गोळ्यातून दांडा वर येतो, काही तासांत जाळी खाली उतरते आणि लवकरच सगळं कोमेजतं. टोपीवरच्या हिरवट, चिकट लगद्यात बीजाणू असतात. वासावर माशा येतात, लगदा खातात आणि बीजाणू दूर नेतात. आपली दुर्गंधी म्हणजे माशांना धाडलेलं आवतण! चिनी लोक टोपी काढून उरलेली अळंबी वाळवतात आणि सुपात घालतात. तिकडे ते उंची खाणं.

"आई, घाण वास येतो म्हणजे ती वाईट आहे का गं?" लेकीने विचारलं.

मला डार्विनची मुलगी हेन्रिएटा आठवली. तिची भाची ग्वेन रॅव्हराट हिने १९५२ च्या 'पीरियड पीस' या पुस्तकात लिहिलं आहे, की ही आत्या रानात वासाच्या मागावर अशाच जातीच्या अळंब्या शोधायची आणि दार लावून गुपचूप जाळायची. कारण आकार! मोलकरणींची नीती बिघडेल म्हणे. बिचाऱ्या अळंबीला नीतीशी काय देणंघेणं?

हसले खरी, पण मग आमच्या पत्रपेटीत आलेली चिठ्ठी आठवली. शेजारून, अतिशय नम्र भाषेत: स्वयंपाकाचा वास वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. हिंगाची फोडणी, दुसरं काय! चिठ्ठीत फक्त वास होता. मी मात्र "तुम्ही लोक" असं वाचलं आणि दोन दिवस धुमसत राहिले. पहिल्या वर्षी कोणी प्रेमाने नात्तो पुढे केला, तेव्हा मीही नाक मुरडून "काहीही खातात ही माणसं" म्हटलंच होतं की. वासावरून माणसांवर घसरायला मला क्षणही लागला नव्हता.

तरी शेजाऱ्याचं नाकही खरंच आहे. डोळे मिटता येतात, नाक किती वेळ धरणार? खिडकी लावून घेणं हे शेजारधर्मात बसतं. हिंगच सोडणं बसतं का? मला वाटतं, नाही. पण लेक अलीकडे डब्यात भाजी नको म्हणते, नुसता भात दे म्हणते. कोणी काही बोललं का, विचारलं तर उत्तर देत नाही.

सध्या फोडणीच्या वेळी खिडकी बंद असते. वरणात हिंग असतो. डब्याचं अजून ठरलेलं नाही.