बर्फाची ओढ ही आसक्तीच का?

बायलकुप्प्यात बर्फ पडत नाही. म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याने ऐंशीएक किलोमीटर गेले की ही तिबेटी वसाहत लागते. डिसेंबरच्या पहाटे इथे एक शाल पुरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार हा नववर्षाचा सण येतो, तेव्हा दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो. तरीही तिबेटच्या ध्वजावर मधोमध हिमपर्वत आहे, आणि इथे जन्मलेल्या अनेकांनी बर्फ पाहिला तो बहुधा तेवढाच.

त्यांच्या आजी-आजोबांची गोष्ट निराळी. १९६०च्या सुमारास जुन्या म्हैसूर राज्याने सुमारे ३,००० एकर जंगल निर्वासितांना दिले. तिथे आलेल्यांनी हिमालयातल्या खिंडी ओलांडल्या होत्या. इथल्याच नामद्रोलिंग मठाचे संस्थापक पेनोर रिन्पोचे १९५९मध्ये पूर्व तिबेटमधून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे ३०० माणसे होती. भारतात पोहोचली जेमतेम तीस. पुढच्या दशकांतही सीमेवरचा चिनी पहारा ढिला असतो म्हणून अनेकांनी पळून येण्यासाठी हिवाळाच निवडला आणि हिमदंशाने पायांची बोटे गमावली. ज्या बर्फाने माणसे गिळली, त्याचीच ओढ म्हातारपणी लागते.

बौद्ध मनाला इथे अडचण होते. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, असे दुसरे आर्यसत्य सांगते. मग हरवलेल्या हिवाळ्याची आठवण हीसुद्धा सोडून द्यायची गाठ मानायची का?

अकराव्या-बाराव्या शतकातले तिबेटी योगी मिलारेपा यांची कथा इथे आठवते. ते लाप्चीच्या हिमपर्वतावर साधनेला गेले. बर्फाने वाटा बुजल्या आणि सहा महिने कुणालाच वर जाता आले नाही. ते गेलेच असे समजून शिष्यांनी उत्तरक्रियाही उरकली. वाट मोकळी झाल्यावर वर जाऊन पाहिले, तर गुरू जिवंत! त्यांच्या परंपरेतली शरीरात ऊब जागवणारी साधना आजही चालते. १९८१मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी हिमाचल प्रदेशातल्या धर्मशाळेजवळ ती करणाऱ्या साधकांचे तापमान मोजले, तेव्हा हातापायांच्या बोटांत ८ अंशांपर्यंत वाढ आढळली.

पण मिलारेपा बर्फात आपणहून गेले होते. निर्वासितांना त्यातून पळावे लागले. थंडी तपस्वी घडवते असे म्हणणाऱ्याने हा फरक आधी नीट पाहावा. लादलेल्या यातनेला साधना म्हणणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे. आणि म्हाताऱ्यांना आठवते ती यातना नसतेच. आठवते ती चुलीभोवती बसलेली सगळी माणसे, कारण बाहेर पडताच येत नसे. त्या माणसांवरची माया आणि ते दिवस परत यावेत हा हट्ट, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धर्म सोडायला सांगतो तो हट्ट.

हट्ट सोडून माया जपणे मठांनी प्रत्यक्ष करून दाखवले आहे. ल्हासाजवळच्या जांग गावी दर हिवाळ्यात सेरा, द्रेपुंग, गांदेनसारख्या मोठ्या मठांचे भिक्षू जमत आणि कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्त्तिक’ या तर्कग्रंथावर वाद घालत. आता ते हिवाळी सत्र कर्नाटकात भरते. ना ती थंडी राहिली, ना ते गाव. प्रश्न विचारताना वाजणारी टाळी आणि उत्तरातली चूक पकडण्याची ईर्षा मात्र तशीच आहे. शिवाय तिबेटी परंपरा धर्मकीर्तींना दक्षिण भारतातलेच मानते. म्हणजे जो ग्रंथ हिमालयापलीकडे जाऊन शतकानुशतके बर्फात घोकला गेला, तो बायलकुप्प्यात नव्याने उभ्या राहिलेल्या सेरा मठात आपल्या कर्त्याच्याच मुलखात परतला आहे.