जागल



गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून माझे कीर्तन बंद आहे. चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आता ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो. गेल्या दोन-तीन वर्षांत या ओसरीवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारा माळकरी असतो, एकादशी मोडत नाही, आषाढीला दिंडीत चालतो. तो जरा इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली करून म्हणतो, "महाराज, डुकरांनी निम्मा भुईमूग उकरला. तारंत करंट सोडला तर पाप लागंल का?"

त्याला उत्तर नको असते, मोकळीक हवी असते. मी हे ओळखतो, कारण तशी मोकळीक मी स्वतः एकदा घेतली आहे. ते आजवर कोणत्याही फडावर बोललो नाही. आज लिहितो.

आमची जमीन १४ एकर, येडशीच्या बाजूला, बालाघाटाच्या उतरणीवर. वरचा तुकडा मुरमाड, खालचा काळा. धाराशिवकडचा पाऊस कसा लहरी, ते या भागातल्या वाचकाला सांगायला नको. माझ्या लहानपणी गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता. पवन्या, कुसळी, मारवेल असले गवत कमरेला लागायचे. काळविटांचे कळप त्यात दिसायचे नाहीत, नुसती शिंगे हलताना दिसायची. त्यांच्या मागे लांडगा असायचा. माळढोक आमच्या वडिलांनी अनेकदा पाहिला होता. त्याच पक्ष्यासाठी पुढे १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले, आणि आज महाराष्ट्रात तो बोटांवर मोजण्याइतकाही उरलेला नाही. हरणे तेव्हाही पिकात तोंड घालीत, पण माळावर चारा असल्यामुळे चार तोंडे मारून परत जात.

मग माळ मोडला. दुसऱ्या कुणी येऊन मोडला नाही, आम्हीच मोडला. आधी बैलांनी, मग ट्रॅक्टरने, शेवटी जेसीबीने. सोयाबीनला भाव आला, मुरूमसुद्धा पेरणीखाली गेला. ऊस वाढला तशी डुकरांना दिवसा लपायला जागा झाली. लांडगा दिसेनासा झाला. हरणांना जायला जागा उरली नाही, तेव्हा आपण म्हणू लागलो की हरणे आपल्या शेतात येतात.

वीस-बावीस वर्षे झाली असतील. पौष महिना होता. हरभरा घाट्यांवर, ज्वारी हुरड्यात. धाकटा भाऊ नऊ रात्री सलग जागलीला होता. शेत तोच करतो. मी गावोगाव फिरणारा, माझा वाटा फक्त सातबाऱ्यावर आणि कणगीत. दहाव्या दिवशी मला एका सप्ताहाला जायचे होते. जीप दारात उभी होती. भाऊ आला, डोळे तांबडे. म्हणाला, "दादा, तुमी सप्त्यात जागर करता, लोक पाया पडत्यात. हितं जागल करून माजं डोळं फुटायची येळ आली. आज तारच लावतो."

मी फेटा नीट करीत म्हणालो, "तुला काय करायचे ते कर. मला सांगू नकोस."

हा सगळा लेख त्या शेवटच्या तीन शब्दांबद्दल आहे.

त्या रात्री मी गोरोबाकाकांचे आख्यान लावले. कीर्तन रंगले, बायाबापड्या रडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर तारेचे भेंडोळे गोठ्यात पडलेले, भाऊ खाली मान घालून बसलेला. बांधावर ताजी माती ओढलेली होती. काळविटाची मादी गेली होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर आमचा मोती. तो नऊच्या नऊ रात्री भावाशेजारी जागला होता. दहाव्या रात्री भाऊ निर्धास्त झोपला, कुत्रा जागाच राहिला, आणि हरीण पडलेले पाहून त्याच्याकडे धावला असणार. एवढ्यावर भागले तेही नशीब. शेजाऱ्याचे मोटर चालू करायला जाण्याचे पाऊल त्याच बांधावरून पडते. शेतीची लाईट रात्री येते, तो अंधारात अनवाणी येतो. त्याची मोटर जळून दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्या रात्री तो आला नाही.

कायद्याने काळवीट १९७२ पासून पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणे गंभीर गुन्हा आहे. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. भाऊ बोलला नाही, मी विचारले नाही, आणि पुढे कितीतरी ठिकाणी मी भूतदयेवर बोललो. पाकिटेही घेतली.

पुढच्या वर्षी तेरला कीर्तनसेवा आली, आणि ऐकणाऱ्यांनी मागितले तेच आख्यान. गोरोबांच्या गावात गोरोबांची कथा सांगायची, वक्त्याला याहून मोठे काय हवे? मी नेहमीप्रमाणे सुरू केले. माती तुडवणे चालू आहे, मुखी विठ्ठल आहे, पत्नी पाण्याला निघाली आहे. निघताना ती म्हणते, बाळाकडे लक्ष असू द्या. इथे माझा आवाज बसला. पुढचे शब्दच येईनात. टाळकऱ्यांना वाटले महाराजांचा कंठ दाटला. त्यांनी गजर धरला आणि मला वाचवले.

चाळीस वर्षे मी त्या वाक्यावरून धावत पुढे जात होतो. सगळे कीर्तनकार जातात. आपल्याला घाई असते ती देहभान हरपण्याची, पुढे पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात हात फुटण्याची, मूल रांगत येण्याची. पण कथा राखणीपासून सुरू होते. एका बापावर राखण सोपवली होती आणि त्याच्या पायांनी खाली पाहिले नाही. बरे, गोरोबा नामात बुडाले होते. तरीही आपल्या परंपरेने ते सहज सोडून दिलेले नाही. त्या घरावर पुढे काय काय आले, हात कसे गेले, ते आपण जाणता. पांडुरंगाने सगळे परत दिले, पण सगळे भोगून झाल्यावर. मी तर नामात बुडालो नव्हतो. मी ठरवून डोळे मिटले होते.

ओसरीवर कुणीतरी शहाणा असतोच. तो म्हणतो, महाराज, नांगर धरला की हिंसा आलीच, मग तारेलाच दोष का? त्याचे म्हणणे खोटे नाही. वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो: नांगराखाली जमिनीतले किती जीव मरतात, चालताना पायाखाली किती जातात, हिंसेवाचून जगणारा कोण आहे? हे सांगणारा मांस विकणारा आहे, हे लक्षात घ्या. पण तो आपले काम उजेडात, दुकानात बसून करतो. स्वतःला काय लागले आहे ते त्याला माहीत आहे आणि विचारणाऱ्याला तो ते लपवीत नाही. धर्मव्याधाचा आधार घेऊन तार लावणारा अंधारात आकडा टाकतो आणि पहाटे माती ओढतो. हा आधार त्याला पेलणारा नाही.

आणखी एक शिकार आपल्याला पाठ आहे. दशरथाला शब्दवेधी बाणाची विद्या येत होती. रात्री शरयूकाठी घडा बुडल्याचा आवाज झाला, राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि त्याने बाण सोडला. पुढे श्रावणबाळाच्या आईबापांसमोर त्याला उभे राहावे लागले. त्याने पाहिले असते तर बाण सुटला नसता. तारेतली वीज म्हणजे आपण सर्वांनी शिकून घेतलेली शब्दवेधी विद्याच. तिला डुक्कर कळत नाही, हरीण कळत नाही, गुराखी कळत नाही. पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब त्याहून वाईट. डुकराचा जबडा फुटतो आणि ते चार दिवस तडफडत फिरते. कधी तो गोळा गाईच्या तोंडी लागतो.

इथे थोडे विषयांतर होईल, होऊ द्या. लहानपणी हिवाळ्यात आमच्या माळावर फासेपारधी उतरायचे. वडील त्यांना शेतात पाय ठेवू देत नसत. आम्ही माळकरी आणि ते हिंसा करणारे. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून असल्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तो १९५२ साली निघाला, पण गावाच्या मनातून निघाला नाही. मला आठवते ते एवढेच, की पारधी फास लावून घरी जाऊन झोपत नसे. झुडपामागे थंडीत तासन्‌तास बसे. जे धरायचे त्याच्याकडे त्याचा डोळा लागलेला असे. त्याची शिकार मला पटली नव्हती आणि आजही पटत नाही. पण आमच्या बांधावर त्या पौषात जे झाले, त्यानंतर त्याला खाली बघायचा अधिकार आमच्या घराला उरला नाही.

म्हणून विचारणाऱ्याला मी आता एवढे सांगतो: बाबा, पीक राख. राखण हा तुझा धर्म आहे, मुलांच्या तोंडचा घास आहे तो. गोफण फिरव, डबे बडव, हाकारे घाल, शेकोटी कर. रानडुकराबाबत वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागायची सोय कायद्यात आहे; तिथे निदान कोणीतरी नाव लिहून, डोळ्यांनी पाहून, जबाबदारी घेऊन काही करतो. पण तुझ्या झोपेच्या बदल्यात कोण मरेल ते तुला माहीत नसेल, असे काही लावू नकोस.

हे सांगणे सोपे आहे. अवघड प्रश्न माझ्या भावाने विचारला. तेरहून आल्यावर मी त्याच्यापुढे सगळे बोललो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, दया तुमची आन् भुर्दंड माजा, आसं किती दिवस?"

तुकोबांनी ज्वारीची राखण केल्याची कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे. शेतकऱ्याने मोठ्या विश्वासाने माचाणावर बसवले, तुकोबांनी पाखरांत पांडुरंग पाहिला आणि त्यांना मनसोक्त खाऊ दिले. आपण कथेचा शेवट रंगवतो, की रास उलट जास्त भरली. मधला भाग मात्र उरकून टाकतो. शेत तुकोबांचे नव्हते. शेतकरी संतापला, पंच बसले, आणि तुकोबांनी नुकसान भरून द्यायचा कागद लिहून दिला. रास भरेल हे त्यांना ठाऊक नव्हते. पाखरांनी खाल्ले ते आपल्या नावावर मांडून घ्यायला ते तयार झाले. शहरात बसून हरणांवर दया करा म्हणणारे पुष्कळ आहेत. असा कागद लिहून देणारा मला अजून भेटलेला नाही. सरकारी भरपाई आहे, पण अर्ज, सातबारा, पंचनामा करीत फिरण्यात जे दिवस जातात त्यांची भरपाई कुठे आहे?

तेव्हा मी घरातल्या घरात कागद लिहिला. वरच्या मुरमाड तुकड्यातली दोन एकर पडीक सोडायची, तिथे गवत येऊ द्यायचे. त्या दोन एकरांचे उत्पन्न आणि जनावरांनी खाल्लेला हरभरा माझ्या वाट्याच्या धान्यातून वजा करायचा. भावाने ते अक्षरशः केले. दरवर्षी पायलीने मोजून वजा करतो. माझी बायको दोन वर्षे त्याच्याशी नीट बोलली नाही. पुतण्याने पुढे सौरऊर्जेचे झटका मशीन बसवले. त्याने जनावराला चटका बसतो आणि ते मागे फिरते, मरत नाही. डुकरे त्यालाही शिकतात, खालून उकरून येतात. जागल सुटलेली नाही. पडीक तुकड्यात मारवेल पुन्हा उगवली. हरणे आधी तिथे थांबतात. सगळी नाही, काही थांबतात. भाऊ अजून म्हणतो की तोटाच आहे. हिशेब त्याच्याकडे असतो, त्यामुळे मी वाद घालत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ आला, हे आपण वाचले असेल. यवतमाळच्या टिपेश्वरातून साडेचारशेहून अधिक किलोमीटर चालून. १९९७ साली झालेले हे आमचे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. तो तिथे मावला नाही, बार्शीकडेही गेला. लोकांची गुरे गेली, रात्री मोटर चालू करायला कोणी जाईना. वनखाते महिनोन्‌महिने मागावर होते. गुरे गेलेल्यांचे दुःख खरे आहे, त्यावर मी प्रवचन करणार नाही. माझ्या मनात दुसरेच येत राहिले. इतकी वाट तो आमच्यासारख्यांच्या शेतांतून आला. वाटेत किती बांधांवर तारा असतील, आणि त्याचे पाऊल प्रत्येकीच्या किती जवळून गेले असेल?

रामलिंगाला आपण गेला असाल तर जटायूची कथा ऐकली असेल. आमच्याकडे सांगतात, रावणाला त्याने इथेच अडवले आणि रामरायांनी बाण मारून त्याला पाणी पाजले. म्हातारा पक्षी होता तो.  तो जागा होता, एवढेच. देवळात वानरे फार. नारळ हातातून ओढतात, जपून जा.

यंदाही हरभरा बरा आहे. पुतण्या लग्नाच्या कामात, म्हणून परवा माचाणावर मी आणि भाऊ. मध्यरात्री त्याने मला हलवले, हातात बॅटरी दिली, घोंगडी ओढून घेत म्हणाला, "दादा, आता पहाटंपतुर तुमची पाळी. झोपू नका." तासाभराने पडकाच्या बाजूला सळसळ झाली. बॅटरी मारली तर डोळे चमकले. मोजली, सात होती. पत्रा वाजवला. दोन पळाली, पाच तशीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग मी खाली उतरलो.